सव्वा मूठ

आमच्या भाऊबंदकीत कानबाईच्या रोटांचा गहू मापानं मोजत नाहीत, मुठीनं मोजतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची खानदेशातली देवी, घरात बसते. त्याच्या आधी एक दिवस ठरवून सगळ्या घरांतले पुरुष गावी जमतात आणि प्रत्येक जण निवडलेल्या गव्हात हात घालून आपल्या नावाची एक मूठ परातीत टाकतो. वरची पाव मूठ त्याच्या घरची बाई टाकते. झाली सव्वा मूठ. तान्ह्या पोराचीसुद्धा मूठ असते, आजोबा त्याची बोटं धरून गव्हात बुडवतात. मुलींची नसते. कितीही मोठी असो, कितीही शिकलेली असो, नसते म्हणजे नसते. मग गिरणी धुऊन-पुसून घेऊन तो गहू दळायचा, प्रत्येकाच्या नावाचा जाडजूड रोट करायचा आणि पहिला घास ज्याची मूठ त्यानं खायचा. त्यानं खाल्ल्याशिवाय घरातल्या दुसऱ्या कुणी तोंडात घालायचा नाही. नंतर सगळ्यांनी मिळून तो राखीच्या आत संपवायचा.

आमच्या घरात नाना, माय, मी आणि धाकटी. म्हणजे सगळ्या घराची मूठ एकच, नानांची.

लहानपणी एकदा मी कुणाचं लक्ष नाही असं बघून गव्हात हात घातला होता. मोठ्या मायनं, म्हणजे माझ्या मोठ्या काकूनं, फाडकन हातावर मारलं. मी काय ऐकून घेणारी! अशी काही भोकाड पसरली की गल्लीतली माणसं दारात आली. नानांनी मला खांद्यावर टाकलं आणि गिरणा नदीच्या काठी नेलं. म्हणाले, "तुन्ही मूठ मन्ही मूठमा शे, बेटा." तुझी मूठ माझ्या मुठीतच आहे.

"मग काढा बाहेर," मी म्हटलं.

ते हसत सुटले. हे मग ते ज्याला-त्याला सांगायचे. धुळ्याला एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे ज्याला-त्याला म्हणजे अख्ख्या भडगाव रोडला. "आमची पोरगी, काय बोलली माहीत आहे का?" मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

नानांचा आवाज मोठा होता. पुढच्या दारातून तिकिटं फाडत फाडत मागच्या बाकावरच्या म्हातारीला तिचं गाव आलं म्हणून हाक मारायचे, आणि म्हातारी दचकून उठायची. त्यांचं दुखणं सुरू झालं ते भाकरीपासून. भाकरी अडकते म्हणायचे. मायनं आधी ज्वारीला दोष दिला, मग उडीद घातलेल्या कळण्याच्या भाकरीला, मग स्वतःच्या हाताला. भाकरी दुधात कुस्करून दिली, तरी घासागणिक पाणी लागायचं. मग भात आला, मग नुसतं वरण. आणि एका हिवाळ्यात त्यांच्या गाडीवरचा ड्रायव्हर त्यांना घेऊन घरी आला, उंबऱ्यातच उभा राहिला आणि मायला म्हणाला, "वहिनी, डेपोत आज भरीत केलं होतं. यानं ताटात सोडलं."

आमच्याकडे माणूस उपास सोडेल, नवस सोडेल, पण वांग्याचं भरीत ताटात सोडणार नाही. तोवर आम्ही सगळे घशाचं आहे, गरम पडलंय, असंच म्हणत होतो. त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

दुर्बीण घातली. अन्ननलिकेत गाठ. डॉक्टरांनी नाव सांगितलं. ते नाव आमच्या घरात नंतर कुणीही उच्चारलं नाही. माय त्याला 'ते' म्हणायची. "ते आता बरं आहे का?" "ते वाढलं का?" कुणी लांबचं पाहुणं घरी आल्यासारखं.

मुंबईला नेऊन लाईट दिली. लाईट म्हणजे ते मशीनखाली झोपवून शेक देतात ते. दवाखान्यातले सगळे पेशंट त्याला लाईटच म्हणायचे. नाना म्हणाले, "धुळ्याला रोज लाईट जाते, इथं रोज देतात. घ्या, जेवढी देतील तेवढी." गळ्याची कातडी काळी पडली, पण परत आल्यावर थोडे दिवस पातळ खिचडी गिळता यायला लागली. मायनं लगेच नवस फेडायची तयारी काढली. पुढे पाणीसुद्धा उलट यायला लागलं, तेव्हा ती तयारी तिनं परत फळीवर ठेवून दिली.

मग पोटाला भोक पाडून नळी बसवली. जेवण म्हणजे गाळलेलं वरणाचं पाणी, पेज, दूध. नळीला नरसाळं लावायचं आणि हळूहळू ओतायचं. पहिल्यांदा ओतायच्या वेळी मी पेज पुन्हा पुन्हा गाळत बसले. नानांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "डिझल टाक ना, गाडी थांबेल शे." म्हणजे गाडी थांबलीय. तो मोठा आवाज आता राहिला नव्हता, बारीक, फाटका निघायचा. मी ओतलं. ओतता ओतता रडले, आणि रडता रडता त्यांच्यावरच चिडले की असल्या वेळी थट्टा कसली सुचते तुम्हाला.

आवाज असा झाल्यावर त्यांनी एसटीची बेल घरात आणली. कंडक्टरनं दोरी एकदा ओढली तर गाडी थांबवायची, दोनदा ओढली तर सोडायची. नाना खाटेच्या लोखंडी दांडीवर नखानं टकटक करायचे. एक टक म्हणजे पुरे, थांबा. दोन म्हणजे चला, होऊ द्या. धाकटी तर त्यांच्याशी बोलायचीच बंद झाली, नुसती टकटक करायची, आणि दोघं हसायचे.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आता इंजेक्शनांचा एक उपाय आहे, सलाईनमधून देतात. त्रास फार होतो. त्यानं हे बरं होणार नाही, थोडे दिवस वाढले तर वाढतील.

नानांनी विचारलं, "श्रावणापर्यंत?"

"सांगता येत नाही. प्रयत्न करू."

मायला वाटलं, नको. आणखी हाल कशाला? मलाही तेच वाटत होतं. पण नानांनी त्या रात्री मला जवळ बोलावलं आणि त्यांच्या मनात काय होतं ते सांगितलं. त्यांना कानबाईला गावी जायचं होतं. सगळे भाऊ जमतील तेव्हा त्यांच्यासमोर विचारायचं होतं की माझ्यामागं माझ्या घराची मूठ माझ्या पोरीनं टाकली तर चालेल का. नाहीतर ते गेल्यावर आमच्या घराचा एक दाणासुद्धा त्या परातीत पडणार नव्हता. घर असून नसल्यासारखं.

मी म्हटलं, "चिठ्ठी लिहून पाठवा. मोठे आबा वाचतील." मोठे आबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, भाऊबंदकीत त्यांचा शब्द शेवटचा.

"नही," नाना म्हणाले. "समोर बसीसन इचारनं पडस."

म्हणून ती इंजेक्शनं. माणूस जगण्यासाठी औषध घेतो, नानांनी एक प्रश्न विचारण्यासाठी घेतलं. मला त्याचा अभिमान वाटायला हवा होता, पण खरं सांगू? मला राग येत होता. मरू घातलेल्या माणसानं परवानगी मागायला जायचं, आणि कशाची, तर मूठभर गव्हाची!

पोटात काही नसताना माणूस किती ओकू शकतो हे मी त्या उन्हाळ्यात पाहिलं. केस गेले, भुवया गेल्या. नानांनी डोक्यावर एसटीची टोपी घातली आणि ती ते काढायलाच तयार नव्हते. प्रत्येक वेळी सुई टोचायच्या आधी नर्सकडे बघून दांडीवर दोनदा टकटक. नर्सलाही कळायला लागलं होतं. ती म्हणायची, "हां, सोडा गाडी."

आणि माणसं किती आली! भेटायला येणाऱ्यांचं सोडा, ती शहाळं हातात घेऊन यायची आणि नळी बघून तोंड फिरवायची. "काही होत नाही, आमच्या शेजारच्याला हेच झालं होतं," म्हणायची. आणि तो शेजारी आता कसा आहे म्हणून मी विचारलं की चपला शोधायला लागायची. पण आमची भाऊबंदकी तशी नव्हती. मोठे आबा दर दोन-चार दिवसांनी पहिल्या गाडीनं म्हशीचं दूध घेऊन यायचे, किटली मांडीवर धरून, कारण खाली ठेवली तर हिंदकळते. मोठी माय तर आमच्या दोन खोल्यांत राहायलाच आली. नानांची घाण काढली, पाठ पुसली, मायला बळेबळे जेवायला बसवलं. चुलतभावांनी रक्त दिलं. एक तर सुईला इतका घाबरायचा की चक्कर येऊन पडला, तरी उठून म्हणाला, घ्या. अशी माणसं. हे मी मुद्दाम सांगते आहे, पुढचं कळावं म्हणून.

आषाढात एकदा सलाईन शिरेबाहेर गेलं. नानांचा उजवा हात कोपरापर्यंत सुजला, कातडी काळीनिळी झाली. सूज थोडी उतरली, पण बोटं मिटेनात. रोज सकाळी मी कोमट पाण्यात तो हात धरून बसायची आणि एकेक बोट हळूच दुमडायची. सोडलं की बोट परत ताठ. नाना हाताकडे बघत राहायचे. तेव्हा मात्र थट्टा नव्हती.

"डाव्या हातानं टाका," धाकटी म्हणाली.

माय तिला म्हणाली, "गप. देवाच्या कामाला डावा हात चालत नाही."

श्रावण लागला आणि नाना होते. डॉक्टरांनाही नवल वाटलं. मोठ्या आबांनी जीप पाठवली, मागच्या सीटवर गादी टाकून. गिरणेला गढूळ पाणी आलं होतं, आणि नानांनी पुलावर दोनदा टकटक करून गाडी थांबवायला लावली. नाही, चुकलं, एकदा. एकदा टकटक केलं. ड्रायव्हरला काय कळणार! त्यानं मागं बघितलं. मीच म्हटलं, "थांबवा जरा."

ओट्यावर सतरंजी टाकली होती. नानांना भिंतीला टेकवून बसवलं. एकेकानं येऊन मूठ टाकली. आधी मोठे आबा, मग बाकीचे भाऊ, मग पोरं, शेवटी नुकतंच जन्मलेलं एक बाळ. नानांचा नंबर मध्येच होता, पण त्यांनी थांबा म्हणून खूण केली, सगळ्यांचं होऊ दिलं. मग हात गव्हात घातला.

हात आत गेला. मिटला नाही. वर काढला तेव्हा तळव्यावर थोडे दाणे होते, तेही घरंगळले. त्यांनी पुन्हा घातला. मोठी माय पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. तिसऱ्यांदा घालायला लागले तेव्हा मला बघवेना, मी उठायला लागले, तर त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट ओढलं आणि त्या ताठ हातानं माझा हात गव्हात लोटला.

"मन्हा मांगे," ते म्हणाले. श्वास घेतला. "मन्हा मांगे मन्हा घरनी मूठ हाई टाकी." माझ्यामागं माझ्या घरची मूठ ही टाकेल. एवढं बोलायला त्यांना किती वेळ लागला! आणि मग मोठ्या आबांकडे बघत राहिले.

मोठे आबा रडत होते. उघड, सगळ्यांसमोर. म्हणाले, "टाक बेटा. आज टाक."

मी मूठ भरली. चांगली गच्च भरली, इतकी की बोटांच्या फटींतून दाणे बाहेर आले. परातीत टाकली. मायनं वरून पाव मूठ टाकली. नानांनी परातीच्या काठावर दोनदा टकटक केलं, आणि ओट्यावरचे सगळे रडता रडता हसले. मला तेव्हा वाटलं, झालं. जे मागायचं होतं ते मिळालं.

रविवारी कानबाई बसली. नारळाला डोळे, नथ, शालू. गंगाफळाची भाजी, खीर, आणि टोपलीभर रोट. ज्याची मूठ त्याचा पहिला घास, आणि आमच्या घरचा घास घ्यायचा होता नानांनी. मायनं रोटाचा तुकडा दुधात भिजवला, बोटांनी कालवून कालवून पातळ केला, मलमलच्या फडक्यातून गाळला आणि नळीला नरसाळं लावलं. बायका आजूबाजूला पदराचा आडोसा करून उभ्या होत्या. थोडं आत गेलं. नानांनी डोळे मिटले. जिभेला चव लागणं शक्यच नव्हतं, तरी ओठ हलले. मग त्यांनी दोनदा टकटक केलं. आणखी.

मायनं कधी नव्हे ते विचार केला नाही. आनंदात होती ती. फडक्यात उरलेलं पिळून काढलं आणि ओतलं.

रोटाचं पीठ जाडंभरडं असतं. ते नळीत फुगलं. संध्याकाळी पाणी ओतायला गेलो तर नरसाळ्यात तसंच उभं. सोमवारी सकाळी सगळं गाव वाजतगाजत कानबाईला नदीवर घेऊन निघालं आणि आम्ही उलट्या दिशेला, जीपमधून धुळ्याला. डॉक्टर ओरडले. "शिकलेली माणसं ना तुम्ही? नळीत पोळी घालता?"

"पोळी नव्हती, डॉक्टर," माय म्हणाली. "रोट होता."

डॉक्टर बाहेरगावचे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी समजावून सांगेन म्हणून.

नळी बदलली. पण ताप चढला आणि उतरेना. छातीत पाणी झालं. डॉक्टरांनी नंतर मायला दोनदा सांगितलं की याचा त्या रोटाशी काही संबंध नाही, हे व्हायचंच होतं. मायनं ते कधीच मानलं नाही. शेवटच्या सकाळी मी उशाशी होते. नानांनी दांडीवर नख टेकवलं आणि एकदा टकटक केलं. मी दुसऱ्या टकची वाट बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले. मग मोठ्या मायनं मला धरून बाजूला केलं.

सुतक सगळ्या भाऊबंदकीला. राखी अजून यायची होती, आणि घरोघरी उरलेले रोट सुतकात खायचे नाहीत म्हणून सगळ्यांनी ते गिरणेत सोडले. आमच्याही रोटाचा डबा मागायला चुलतभाऊ आला. माय म्हणाली, आम्ही सोडला. सोडला नव्हता. तो गेल्यावर तिनं डबा काढून माझ्यापुढे ठेवला.

"तुन्ही मूठ व्हती ती," ती म्हणाली. "तूच खाय."

दगडासारखा झाला होता. मी तो सगळा खाल्ला. पाण्याबरोबर, घासागणिक पाणी पीत. चव-बिव काही नव्हती. माय समोर बसून बघत होती आणि मी संपवेपर्यंत उठली नाही.

पुढच्या वर्षी, वर्षाच्या आत म्हणून आम्हाला सण नव्हता. त्याच्या पुढच्या श्रावणात आम्ही तिघी गावी गेलो. तोच ओटा, तीच सतरंजी. मोठ्या मायनं मला पोटाशी धरलं, किती वाळलीस म्हणाली. एकेकानं मूठ टाकली. आमच्या घराची वेळ आली तशी मी पुढे झाले आणि गव्हात हात घालून मूठ भरली.

मोठ्या आबांनी माझं मनगट धरलं. जोरात नाही, अगदी हळू. ज्या हातांनी दुधाची किटली मांडीवर धरून आणली होती त्याच हातांनी.

"नही बेटा," ते म्हणाले. "तवय तो व्हता. ती मूठ त्यानी व्हती." तेव्हा तो होता, ती मूठ त्याची होती.

"नानांनी विचारलं होतं," मी म्हटलं. "तुम्ही टाक म्हणालात."

"आज टाक म्हनेल व्हतं," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे तेव्हाही भरले होते.

मी ओट्यावर बघितलं. रक्त देताना चक्कर येऊन पडलेला तो भाऊ खाली मान घालून गव्हातले खडे निवडत होता. मी काही कुणाचं ऐकून घेणारी नाही, माझं तोंड अख्ख्या भाऊबंदकीला माहीत आहे. पण ओरडायचं तरी कुणावर? नाना ज्याच्यासाठी तो सगळा उन्हाळा ओकत राहिले, ते एका दिवसापुरतं होतं.

मी मूठ उघडली. गहू होता तिथं परत पडला. मागं वळले तर माय उभी होती, पाव मूठ गहू हातात घेऊन, तिची वेळ यायची वाट बघत. तिनं माझ्या रिकाम्या हाताकडे बघितलं, मग पुढे येऊन आपलाही हात उघडला.